सुकलालच्या फळीचा पर

सुकलाल, तुझी फळी माझ्या अंगणात येऊन पडली तेव्हा मला आधी ओकारी आली. रडू त्याच्यानंतर आलं, आणि तेही थोडंच. खोटं कशाला बोलू? तू असतास तर म्हणाला असतास, "नथ्थू, तुले कशानी बी शिसारी येस." येते. माणसाला शिसारी आली पाहिजे. ज्याला कशाचीच शिसारी येत नाही, त्याच्या हातून विहिरीवर पाईप बसवून घेऊ नये.

तुझ्या शकूनं ती नदी ओलांडायची फळी डोक्यावर चुंबळ ठेवून नदीपासून एकटीनं आणली. बाप जाऊन चार रोज झालेले, सुतक फिटायची गंधमुक्ती अजून पुढं, पोरीच्या डोळ्यांत झोप नाही. फळी उतरवली, उपडी केली आणि म्हणाली, "नाना, गंधमुक्तीना पहिले पर बसाडी द्या. नहीते मनी वाडी गयी."

मी वाकून पाहिलं. शेपटाखालचा माशासारखा पर एका बोल्टावर लोंबत होता, म्हाताऱ्याच्या शेवटच्या दातासारखा. त्याच्याभोवती मूठ जाईल एवढं भगदाड. आत पांढरा फोम असतो तो पिवळा पडून लगदा झालेला. त्यात नदीचं कुजलं पाणी, माशांचे खवले, एक मेलेला खेकडा. आणि त्या सगळ्या घाणीच्या खाली आणखी एक वास. पाईप सांधायच्या सोल्युशनचा. माझा जन्म त्या वासात गेला, मेलो तरी ओळखीन. सोल्युशन ओतलंस तू, फोमवर! ते फोमला खातं, सुकलाल. गुळाला मुंग्या लागाव्या तसं खातं. आपल्या गावातलं शेंबडं पोरगंही, ज्यानं शेतात दोन पाईप जोडलेत, त्याला ते कळतं.

शिसारी काय तेवढ्याचीच आली नाही. तू गेल्यापासून जे पाहतोय त्याचीच येते. तुझ्या रमेशनं सुरतेहून येऊन पत्रिका छापल्या. त्यात तुला 'तापीमाईचे सुपुत्र, थोर जलतरणपटू' केलं. जलतरणपटू! तू पोहायचास म्हशीसारखा, नाकपुड्या तेवढ्या वर. दारावर माणसं येतात, बायांचा आवाज चढतो, बाप्ये मांडी घालून बसतात आणि कांद्याचा भाव बोलतात. एक पुढारी जीपमधून आला. पांढरा सदरा, हातात रुमाल. "फार मोठा माणूस गेला," म्हणाला. मग माझ्याकडे झुकून हळूच, "नाव काय हो त्यांचं?" मी म्हणालो, "पत्रिकेत वाचा." रमेशला राग आला. येऊ दे.

कोणी खरं बोलत नाही म्हणून मी हे लिहितोय. चौथीपर्यंत शिकलेल्या माणसानं लिहू नये असा कायदा नाही.

तुझी फळी लोकांना आठवते ती हसण्यासाठी. सुरतेला भाच्याच्या लग्नाला गेलास आणि अहेर घेऊन यायचं तर भंगारवाल्याकडून हे धूड घेऊन आलास. मोठी जहाजं तोडतात, त्यांच्यातलं सामान तिकडं येतं म्हणे. एस.टी.च्या टपावर टाकून धुळ्यापर्यंत, धुळ्याला बस बदलून अमळनेर, तिथून चोपडा. कंडक्टरनं विचारलं, "काय शे हे?" तू सांगितलंस, "दरवाजा शे." तो म्हणाला, "कोणता घरना? टोकदार दरवाजा मी देखा नही." तू म्हणालास, "मंदिरना." तो बिचारा पाया पडला.

गावात आणलीस तेव्हा रमेश इथंच होता. म्हणाला, "बाबा, टीव्हीवर दाखवतात. गोरे लोक समुद्रात याच्यावर उभे राहतात." तू म्हणालास, "उभं कसाले? लगीनना फोटो काढना शे का?" तुला ती वाडीवर जायला पाहिजे होती. नदीच्या मधल्या बेटावर तुझी टरबुजाची वाडी, आणि धरणातून पाणी सोडलं की मधला पाट गळ्याच्या वर. ट्रकच्या ट्यूबवर बसून जायचास तर अर्धा वेळ वाहत जायचास आणि टरबुजं दुसऱ्या गावाला लागायची.

आणि पहिल्याच दिवशी तू फळी उलटी टाकलीस. पर वर. मी काठावरून ओरडलो, हे खाली असणार. तू म्हणालास, "मासाना पर कोठे र्‍हास? पाठवर र्‍हास."

"ही मासा शे का?"

"पानीमा जास. पोट शे, शेपूट शे. आते मासा नही तं काय म्हैस शे?"

भोई माणूस, मासे धरण्यात जन्म गेलेला. तुझ्याशी माशावरून कोण भांडणार? तू पालथा पडलास, हात मारले, आणि फळी गोल फिरली. पुन्हा मारले, पुन्हा गोल. धुणं धुणाऱ्या बाया हात थांबवून पाहायला लागल्या. एक म्हणाली, "सुकलालभाऊ, फेरा ली राह्यनात, तं नवरी कोठे शे?" तू रागानं वळलास आणि फळीसकट पालथा झालास. वर आलास तेव्हा पर खाली होता, आणि फळी तिरासारखी सरळ. त्या दिवसापासून सांगत फिरलास की खाली करायची अक्कल तुझीच.

पर काय करतो ते मला तेव्हाच कळलं. बैलगाडीच्या चाकाला चाकोरी असते, पाण्याला नसते. पर पाण्यात स्वतःची चाकोरी पाडतो. तो नसला तर माणूस कितीही हात मारो, शेपूट इकडं तिकडं होतं आणि धार घेऊन जाते. एवढं मला, पाईपवाल्याला, काठावरून कळलं. तुला फळीवर बसून कळलं नाही.

मूळचा पर त्याच उन्हाळ्यात खडकावर मोडला. मी तुला नवा करून दिला. जाड पाईपाचा तुकडा घेतला, उभा चिरला, कापसाच्या काड्यांच्या विस्तवावर तापवला, भाकरीसारखा मऊ झाला तेव्हा दोन पाटांमध्ये दाबून वर बायकोला बसवलं. ती म्हणाली, "काय ती मेहनत, जवाईना पाट शे का?" थंड झाला की सपाट पाटी निघाली. तिच्यातून माशाच्या परासारखा आकार कापला, पुढची कड गोल, मागची पातळ, कानशीनं घासून. दोन बोल्ट, मध्ये ट्यूबचं रबर. तू हातात घेऊन वास घेतलास, वाकवून पाहिलंस आणि म्हणालास, "बरा शे." तुझ्या तोंडून 'बरा' म्हणजे काय असतं ते मला माहीत होतं. मी त्या रात्री दोन भाकरी जास्त खाल्ल्या. हे तुला कधी सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती, तू चढला असतास.

पण तुझ्या आळसाला काय म्हणावं? काठाला आलास की फळी उचलायची सोडून वाळूवरून, गोट्यांवरून फरफटत आणायचास. पराचे बोल्ट ढिले व्हायचे. ढिला झाला की डुगडुगायचा, डुगडुगला की भोक मोठं व्हायचं, भोकातून पाणी आत. मी आवळून द्यायचो, तू पुन्हा ओढायचास. मी म्हणायचो, "उचल की रे." तू म्हणायचास, "एक पाईपना तुकडा, त्यानासाठे मी कंबर मोडू?" एक पाईपना तुकडा! दुसऱ्या कोणी म्हटलं असतं तर त्याच्या घरी पुन्हा पाण्याचा थेंब येऊ दिला नसता.

मग गेल्या पोळ्यानंतर, टपरीवर चहा पिताना चार माणसांत तू ते बोललास. मी म्हणालो होतो, आता बोल्टानं भागणार नाही, मुळापासून काढून बसवावा लागेल, फळी दहा-पंधरा दिवस ठेव माझ्याकडे. तू बशी खाली ठेवलीस आणि त्यांच्याकडे पाहून म्हणालास, "नथ्थूनी पाईपमाधलं पानी देखेल शे. नदीनं पानी त्याले काय समजस?"

ते हसले. मी म्हणालो, "मंग तूच बसाडी ले."

बस, तेवढंच. त्याच्यानंतर तू माझ्या गल्लीतून येईनास, मी तुझ्या काठाला जाईना. लोक मध्ये पडले, मी हलकं घेतलं नाही. आजही घेत नाही. सुकलाल, हे मी माफी मागायला लिहीत नाहीये हे ध्यानात धर. चुकलास तू. नदी मला तुझ्याएवढी माहीत नसेल, पण पर मला माहीत होता.

तुला फळीनं मारलं नाही. लोक तसं बोलतात, मी त्यांना गप्प केलंय. वाडीतल्या झोपडीत छातीत कळ आली आणि तू बसल्या जागी गेलास. तंबाखूनं आणि हेकटपणानं. शेजारच्या वाडीवाल्यांनी डोंग्यातून आणलं तुला. मी काठावर होतो. तुझा हात डोंग्याबाहेर पाण्यात लोंबत होता, तो मी उचलून आत ठेवला. पाण्यातला हात म्हणजे गार असतोच, म्हणून मला आधी काही वाटलं नाही.

आता वाडीचं ऐक. टरबुजं पिकलीत आणि तुझे भाऊबंद म्हणतात, बेटावरची जागा जो रोज पाणी ओलांडतो त्याची. हा तुमचा जुना शिरस्ता आहे, मी कोण बोलणार. शकू सासरहून परत आलेली, वाडी तिनंच तुझ्याबरोबर राखली, पण डोंगा तुमच्या घरात नाही, आणि बाई एकटी ओलांडेल हे कोणाला पटत नाही. गंधमुक्तीच्या दिवशी सगळे बसून ठरवणार. रमेशचं तर ठरलंच होतं, वाडी चुलत्याला देऊन बहिणीला सुरतेला न्यायचं, आपल्या मुलांना सांभाळायला. शकू म्हणाली होती, "मी वलांडी दाखाडसू." रमेश म्हणाला होता, "त्या मोडेल फळीवर?"

म्हणून ती माझ्याकडे आली होती.

मी चमच्यानं लगदा कोरून काढत होतो, नाकाला फडकं बांधून. ती समोर बसली होती. म्हणाली, "नाना, रागे भरू नका, पन तुम्ही दिधेल औषधथी जास्तच बिघडनं."

"कोणतं औषध?"

"बाबानी सांगं, नथ्थूनी डबा दिन्हा, हाई लाव म्हने."

मी चमचा खाली टाकला. "मी दिन्हा?"

ती घरी जाऊन डबा घेऊन आली. माझाच. झाकणाला सायकलच्या ट्यूबचं कडं, माझी खूण. दिवाळीनंतर मी तो डबा शोधून शोधून थकलो होतो, बायकोवर आळ घेतला होता. सुकलाल, मला त्या वेळी तुझी अशी किळस आली म्हणून सांगू! चोरलास ते चोरलास, वर माझं नाव पुढं केलंस. सगळ्या गावात काय झालं असेल? नथ्थू पाईपवाल्यानं फोमवर सोल्युशन लावायला सांगितलं! माझ्या चाळीस वर्षांच्या हातावर तू थुंकलास.

मी तिला सरळ सांगितलं. मेलेल्या माणसाचं झाकावं म्हणतात. मी झाकत नाही. "शकू, मी दिन्हा नही. तुना बापनी चोरी लिन्हा."

तिनं डबा हातात फिरवला. "बाबानी? तुमना घरमाईन?"

"हां."

"आनि कुत्रा नही भूकना?"

"कुत्रा त्याले वळखस."

आणि ती हसली. तू गेल्यापासून पहिल्यांदा. तोंडावर पदर धरून, हलत हलत हसली. "बाबा डबा लिसन पळी राह्यनात..." म्हणाली, आणि मग ते हसणं कुठं फुटलं ते तिलाच कळलं नाही. मी लगदा कोरत राहिलो. बाईमाणूस रडत असताना काय करतात ते मला कधी आलं नाही.

ती गेल्यावर मात्र बसून विचार केला. म्हणजे तू आला होतास. भांडण चालू असताना, माझ्या छपरात. मी घरात होतो की शेतावर, कोण जाणे. कुत्र्याच्या डोक्यावर हात फिरवला असशील, नेहमीसारखं त्याला 'पाटील' म्हटलं असशील. हाक मारली असतीस तर मी 'ये' म्हणालो नसतो, ते मी आत्ताही सांगतो. पण पाठ करून बसून का होईना, 'ते लावू नको, खाईल' एवढं नक्की म्हणालो असतो. तेवढ्यात आपलं भागलं असतं. तुला तेवढंही विचारायचं नव्हतं. आणि घरी जाऊन मात्र सांगायचं होतं की नथ्थूनं दिलं. लेकीला कळायला नको की आपलं बोलणं तुटलंय. आधी मला ह्याची चीड आली. आता चीड तशीच आहे, पण तिच्या शेजारी दुसरं काहीतरी येऊन बसलंय आणि उठत नाहीये.

काम सांगतो, तुला ऐकायची खोड होती. सगळा पिवळा फोम काढला, पांढरा कोरडा लागेपर्यंत. फळी उन्हात नाही, छपराखाली लू वाऱ्यात वाळवली. उन्हात ठेवली तर ती फुगते. भगदाडात पांगाऱ्याचं हलकं लाकूड तासून बसवलं. मग जळगावला गेलो. पाण्याच्या टाक्या बनवणाऱ्याकडून काचेचं कापड आणि त्याचं रसायन आणलं. त्यानं सांगितलेल्या मापानं कालवलं तर आपल्या उन्हात डबा धुरायला लागला आणि काडी आत उभीच्या उभी अडकली. शिव्या दिल्या त्याला, तुला, चैत्राला. दुसऱ्या दिवशी कोंबडं आरवायच्या वेळेला कालवलं तेव्हा जमलं. ते काचेचं कापड अंगाला असं खाजतं की स्वतःचंच कातडं सोलून टाकावं. मानेवर, पापण्यांत, कुठं कुठं. जेवताना भाकरीतही लागलं.

पर नवा केला, त्याच रीतीनं. पण ह्या वेळी बुडाला भोकं पाडली. रसायन पाईपाला नीट चिकटत नाही, पण भोकांतून आरपार गेलं की खिळ्यासारखं धरतं. दोन्ही अंगांनी कापडाच्या पट्ट्या, मुळाशी गोल उतार देऊन. बोल्ट नाही. आता तो ढिला व्हायचा नाही. मोडायचा झाला तर फळी घेऊन मोडेल.

रमेश येऊन उभा राहिला होता. "नाना, कसाले मेहनत करतस? भंगार शे ते."

मी म्हणालो, "दूर बस. तुना सदरा त्या रसायननं विरघळी जाई." तो हसला नाही. खाली बसला. मग सुरतेचा ताठा सोडून साध्या आवाजात म्हणाला, "ती बुडनी तं? बाप गया, बहीण बी गयी, लोके माले विचारतीन."

सुकलाल, त्याला मी मनात शिव्या देत होतो, त्या तिथंच थांबवल्या. मी त्याला पर धरायला लावला. "हलाव," म्हटलं. त्यानं हलवला. "जोरमा." त्यानं पाय रोवून हलवला. फळी हलली, अंगण हललं, पर हलला नाही. तो उठून गेला.

गंधमुक्तीच्या सकाळी सगळे काठावर. मुंडण केलेली डोकी उन्हात चमकत होती. वरून पाणी सोडलेलं, गढूळ. शकूनं कासोटा मारला, जाळीची पिशवी दोरीनं मागं बांधली आणि फळीवर पालथी झाली. तुझ्या भाऊबंदांतला सोनूआबा म्हणाला, "बाईमानूसनं काम नही हाई..." मी म्हणालो, "आबा, तोंड बंद करा. तुमना वारा लागी तिले."

ती गेली. मधल्या पाटात धार वळते ना, तू पर मोडलास त्या खडकाच्या अंगाला, तिथं शेपूट थरथरलं. मला ते दातांत जाणवलं. रमेश माझ्या शेजारी उभा होता, त्यानं माझं मनगट धरलं होतं; कधी धरलं ते दोघांनाही कळलं नाही. थरथरलं, आणि सरळ झालं. ती पलीकडे वाळूवर चढली, चिलटाएवढी दिसत होती. आम्ही उभेच. पुष्कळ वेळानं परत निघाली, मागं जाळीत टरबुजं तरंगत, जड, धारेला तिरपी धरून. हात थकले होते तिचे, दिसत होतं. पण नाक काठाकडे होतं ते हललं नाही. रमेश कमरेएवढ्या पाण्यात गेला आणि दोरी धरली.

सोनूआबानं घसा खाकरला. "वाडी शकूनी," सगळ्यांकडे पाहत म्हणाला. "बठ्ठासनी आयकं ना?"

कोणी माझं नाव घेतलं नाही. पराकडे कोणी वाकून पाहिलंही नाही. तू पाहिला असतास. वाकवून, वास घेऊन.

शकूनं तिथंच काठावर एक टरबूज फोडलं, सगळ्यांना फोडी दिल्या. मुंडण केलेली माणसं घटाघट खात होती, बिया थुंकत होती, "साखर शे, साखर," म्हणत होती. खोटारडे. पाणी वाढलं, वाडीला जास्त पाणी लागलं की काय होतं ते त्या प्रत्येकाला माहीत आहे. ती माझ्यापुढं येऊन उभी राहिली, केस ओले, बोटं सुरकुतलेली. "नाना, कसं शे?"

"फिकं शे," मी म्हणालो.

आणि दुसरी फोड मागून घेतली.